गळ्यामागचं लेबल

मुंबईत काळबादेवीच्या एका पेढीवर मी माझ्या कपड्यांच्या दुकानासाठी माल बघत बसले होते. पांढरी गादी, टेकायला लोड, समोर कुर्त्यांचे गठ्ठे, आणि कोरं कापड, खळ, सकाळची अगरबत्ती यांचा मिळून होतो तो वास. शेठ फोनवर गुजरातीत कुणाशी तरी भावाची घासाघीस करत होते. कोपऱ्यात विशीतला एक मुलगा मांडी घालून बसला होता, हातात धागे तोडायची छोटी कात्री. कुर्ता उचलायचा, गळा उलटा करायचा, मागचं बोटभर लेबल चिमटीत धरायचं, दोन्ही कडांचे टाके कापायचे, कुर्ता परत त्याच घडीत. हात इतका बसलेला की तो खाली बघतही नव्हता. मांडीशेजारी लेबलांचा ढीग साचला होता. निळ्यावर पांढरी अक्षरं विणलेली, खालची ओळ बारीक, बहुधा गावाचं नाव. वाचावं म्हणून मी जरा पुढे झुकले, तसा त्याने तो ढीग तळहाताने मागे सारला. शेठ फोनवर हात ठेवून हसत म्हणाले, "रहने दो बेन. लेबल रहा तो पार्टी सीधी फॅक्टरी पे जाती है."

माल चांगला होता, मी घेतला. घरी आणून इस्त्री करताना प्रत्येक गळ्याच्या मागे निळ्या धाग्याची दोन-तीन टोकं सापडत गेली. नखाने ती उपटून काढताना मन काही केल्या दुसरीकडे जाईना. कुणीतरी पैसे मोजून ते नाव विणून घेतलं होतं, कुणीतरी ते सरळ बसवलं होतं, आणि माझ्यापर्यंत येता येता ते निघून गेलं.

काळाचौकीला चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा मिळाला तेव्हा वाटलं होतं, अवघड काम उरकलं. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, जीएसटी, चालू खातं यांची मला कधी भीती वाटली नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचे हिशेबच सांभाळले होते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर 2017 च्या कायद्याप्रमाणे तेव्हा दुकानाची नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागायची, ते एका बैठकीत झालं. अडलं ते मालापाशी. ओळखीच्या दुकानदारांना विचारलं की प्रत्येकजण प्रेमाने चहा पाजायचा आणि सांगायचा, "मंगलदासला जा ना, सगळं मिळतं." मंगलदास म्हणजे कापडाचा भलामोठा बाजार, त्यात कुणाकडे, हे कुणी सांगायचं नाही. या धंद्यात माल कुठून उचलता हे विचारणं म्हणजे समोरच्याला पगार विचारण्यासारखं आहे. दादरच्या एका मावशींचं दुकान मी कॉलेजात असल्यापासून बघतेय, माझ्या लग्नाचा शालू त्यांच्याकडचा. त्यांनीसुद्धा माझा हात हातात घेतला, "तुझं दुकान चांगलं चालेल गं," म्हणाल्या, आणि विषय बदलला. मला वाईट वाटलं. पण त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हेही मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग मी पायी फिरले. मरीन लाइन्सला उतरून चंदनवाडीच्या बाजूने मूळजी जेठा मार्केट, तिथून पुढे मंगलदास. मूळजी जेठाच्या आतल्या गल्ल्यांत दुपारीसुद्धा दिवे लागलेले असतात. ताक्यांवर ताके, मधून वाट काढणारे पाठीवर गाठोडं घेतलेले माथाडी, "हो बाजूला, हो बाजूला" हा त्यांचा पुकारा. त्यातले बरेच आमच्याच सातारा-जुन्नरकडचे. मराठीत रस्ता विचारला की भर ओझ्याखाली थांबून सांगतात. हळूहळू कळत गेलं की हा बाजार म्हणजे माल बनण्याची जागा नव्हेच, माल थोडा वेळ टेकण्याची जागा. कोरं कापड भिवंडीच्या किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावरचं, पॉलिएस्टर आणि छापील साड्या सुरतच्या, टी-शर्ट तिरुपूरचे, जीन्स उल्हासनगरच्या. जयपुरी म्हणून जे विकतात त्यातलं सगळं जयपूरचं नसतं. हाताच्या ठशाची छपाई असेल तर दोन ठशांच्या सांध्यात कुठेतरी केसभर फरक पडतोच आणि रंग कापडाच्या मागेही उतरलेला असतो. यंत्राची छपाई एकसारखी असते आणि उलट बाजू पांढुरकी राहते. हे मला मंगलदासमधल्या एका वयस्कर विक्रेत्याने शिकवलं. त्याच्याकडून त्या दिवशी मी काहीच घेतलं नव्हतं, तरी त्याने दोन तुकडे शेजारी ठेवून, माझं बोट धरून सांध्यावरून फिरवलं.

कापड ओळखायला हातच लागतो. पिशवीत मी आता एक पांढरा रुमाल, पाण्याची छोटी बाटली आणि काडेपेटी ठेवते. ओला रुमाल गडद कापडावर जोरात घासला की रंग किती जाणार ते तिथल्या तिथे दिसतं. कडेचा एक धागा ओढून दुकानाबाहेर जाळायचा: सुती असेल तर कागद जळाल्याचा वास आणि बोटांत विरणारी राख, पॉलिएस्टर असेल तर धागा वितळून टोकाला कडक मणी होतो. रेयॉनचा वासही सुतासारखाच येतो, म्हणून त्याला ओलं करून ओढायचं. ओलं रेयॉन पटकन तुटतं. कुर्ता घेताना मी आधी आतून बघते. मुंढ्याला ओव्हरलॉक, म्हणजे कडा उसवू नये म्हणून घातलेली शिलाई, नीट आहे का, बगलेच्या शिलाईत कापड किती सोडलंय, चिरेच्या टोकाला टाका मजबूत केलाय का. आमच्याकडे येणाऱ्या बायका लोकलने जातात, हात वर करून कडी धरतात. कुर्ता पहिल्यांदा उसवतो तो मुंढ्यात. पुढून कितीही सुंदर नक्षी असली तरी आत कापड सोडलेलं नसेल तर मी तो ठेवत नाही, कारण आमच्या गल्लीत कपडा एका अंगावर संपत नाही. थोरलीचा धाकटीला होतो, मापाला ढिला करायचा तर आत कापड हवं.

आणि मग सेट. होलसेलमध्ये एक नग मिळत नाही. एका रंगाचा, एका नक्षीचा एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असा पूर्ण सेट उचलायचा. माझ्या गिऱ्हाइकांत चाळिशीपुढच्या बायका जास्त, म्हणजे डबल एक्सएल दोन दिवसांत संपतो, ट्रिपल विचारत लोक परत जातात आणि एम हँगरवर राहतो. पडून राहिलेल्या एम साइजमध्ये किती पैसे अडकतात, हे महिनाअखेर वही उघडल्यावर दिसतं. त्यात भाव. आधी हजाराच्या वर गेलेल्या कपड्याला 12 टक्के जीएसटी होता, म्हणून सगळा बाजार नऊशे नव्व्याण्णवच्या पट्टीशी अडून राहायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंत 5 टक्केच झाला, त्याने माझ्यासारख्यांना खरोखर श्वास घेता आला. पण सेटचा नियम कुठल्या सरकारच्या हातात नाही.

या सगळ्यात सर्वांत कठीण परीक्षा नवरात्राची. मुंबईच्या बायकांचे नऊ रंग बाहेरच्याला समजावून सांगता येत नाहीत. पहिली माळ कुठल्या वारी येते त्यावर रंगांचा क्रम ठरतो, आणि तो जाहीर झाला की कपाटं उघडली जातात. लाल, पिवळा, हिरवा घरात असतोच. अडतं ते राखाडीपाशी आणि मोरपंखीपाशी. आदल्या संध्याकाळी सात वाजता, कामावरून परतताना, तीन-तीन मैत्रिणी दुकानात शिरतात. "ताई, उद्याचा आहे का हो?" रंगाचं नावही घेत नाहीत, ते मला माहीत असणारच. बँकेतली असते, पालिकेच्या दवाखान्यातली आया असते, घरकामाला जाणारी असते. त्या दिवशी डब्यात सगळ्या एका रंगात उभ्या असतात आणि कोण कुठल्या पगाराची हे कपड्यावरून कळत नाही. मला हे फार आवडतं. लोक याला बाजारू म्हणतात, म्हणोत. सकाळी सव्वाआठच्या गाडीत त्या रंगात उभं राहून जिने फोटो काढलाय तिला विचारा. पण हा रंग आयत्या वेळी मिळवायचा तर व्यापाऱ्यालाही पंचांग माहीत असतं. राखाडीचा भाव वर जातो, आणि कुणाकडे माल आहे हे त्या दिवसांत कुणीच कुणाला सांगत नाही.

तेव्हा ती निळी लेबलं पुन्हा आठवायची.

आमचे नाना, म्हणजे वडील, गिरणीत साचे खात्यात, कापड विणायच्या मागांवर होते. गिरणीच्या दुकानातून ते कधीमधी कटपीस आणायचे आणि घरी आल्यावर पहिल्यांदा कापडाची किनार उलगडून दाखवायचे. किनारीवर गिरणीचं नाव छापलेलं असे, थोड्या थोड्या अंतरावर, ताक्याच्या शेवटापर्यंत. आई फ्रॉक शिवताना ती किनार आत दाबायची; नाना म्हणायचे, "दिसू दे की." नाव त्यांचं नव्हतंच, मालकाचं होतं. तरी ते वाचताना त्यांचा आवाज बदलायचा. 1854 मध्ये ताडदेवला कावसजी दावरांनी पहिली कापड गिरणी काढली तेव्हापासून या शहराच्या कापडाला स्वतःचा पत्ता होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, ते सगळ्यांना माहीत आहे. आज माझा गाळा जिथे आहे तिथून चालत जाण्याच्या अंतरावर उंच काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि मी मात्र कापड शोधत दुसऱ्यांच्या गावांची नावं घेत फिरते.

संपानंतर आमचं घर आईच्या शिलाई मशिनवर चाललं. ती परकर शिवायची, डझनावर. दर सोमवारी एक माणूस कापलेलं कापड टाकून जायचा आणि शनिवारी शिवलेला माल मोजून घ्यायचा. आम्हा भावंडांकडे नाडी ओवायचं काम. सेफ्टी पिनला नाडीचं टोक अडकवून नेफ्यातून सरकवत न्यायचं, मध्येच पिन आत उघडली की बोटाला टोचायची. नाडीच्या चिरेपाशी आई दुहेरी टीप घालायची आणि खाली एक आडवा टाका. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे वेगळे पैसेही मिळत नव्हते. पण तिथे परकर फाटतो हे तिला ठाऊक होतं. त्या परकरांवर त्या माणसाच्या शेठचं लेबल लागायचं. माल कुठे जातो हे तिला कधी कळलं नाही, आणि विचारलं तर तो म्हणायचा, "वहिनी, तुम्हाला काय करायचंय?" एकदा दादरला एका दुकानात आत्याबरोबर आम्ही गेलो होतो. काउंटरवर परकर काढून ठेवले होते. आईने एक उचलला, नेफा उलटा केला, आडव्या टाक्यावरून अंगठा फिरवला आणि किंमत विचारली. दुकानदाराने सांगितली. आईने परकर होता तसा घडी करून ठेवला. रस्त्यात ती काहीच बोलली नाही. रात्री नानांना मात्र तो आकडा सांगताना मी ऐकलं. तिला एका परकरामागे जे मिळायचं आणि तो आकडा, यांच्यामध्ये किती माणसं उभी होती हे तिला मोजता येईना. प्रत्येकाला काहीतरी मिळायला हवं हे तिलाही पटत होतं. कापड, वाहतूक, जागेचं भाडं, उधारीत अडकलेले पैसे, हे सगळं आज मी स्वतः भरते. पण तिचा आणि घेणारीचा एकमेकींना पत्ताच नसणं, हे कशाच्या हिशेबात बसत होतं?

म्हणून मी शिवणारा माणूस शोधायला लागले. धारावीत पत्ता विचारत जावं लागतं. अरुंद लोखंडी जिना, वर पोटमाळा, खिडकीशी ओळीने जुकी कंपनीची शिलाई मशिनं, खाली कापडाच्या चिंध्यांचा पायाला मऊ लागणारा थर. मास्टर उत्तर प्रदेशातले, बोलणं कमी, नजर सतत कापडावर. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडचा एक कुर्ता मागितला, टेबलावर पसरला आणि मुंढ्याच्या गोलाईवरून बोट फिरवत म्हणाले, "भाभीजी, ये कटिंग में कपड़ा बचाया है, इसलिए बाजू खिंचता है." गिऱ्हाइकं महिनोन्‌महिने "हात वर केला की ओढतं हो" म्हणत होत्या, त्याचं कारण मला त्या टेबलापाशी समजलं. एका कुर्त्याला अडीच मीटर कापड धरलं तर मुंढा नीट बसतो. दोन सव्वादोनमध्ये काढला की कुठेतरी चोरावं लागतं, आणि ते बगलेत चोरतात.

त्यांच्याकडे माप माझं. ट्रिपल एक्सएल शिवून मिळतो, बाही कोपराखाली हवी तर तशी मिळते. पण कापड मीच आणून द्यायचं आणि एका रंगाचा पूर्ण ताका संपेल इतकं काम द्यायचं, कारण चार-सहा नगांसाठी मशिनवरचा दोरा बदलणं त्यांना परवडत नाही. ईदच्या आधी कारागीर गावी जातात, दिवाळी-छठला जातात. तेव्हा कितीही घाई असली तरी मशिनं बंद. माझं वेळापत्रक आता त्यांच्या गाडीच्या तिकिटांवरून ठरतं. बाजारातल्या मालापेक्षा हा महाग पडतो. घरकाम करणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकाला तो फरक जाणवतो, आणि ती जेव्हा टॅग बघून कुर्ता हळूच परत ठेवते तेव्हा मला आतून तुटतं. म्हणून बाजारातला मालही मी ठेवते. दोन्ही रॅक शेजारी शेजारी आहेत. कुणी विचारलं तर कुठला कुठे शिवलाय ते सांगते, जेवढं मला ठाऊक आहे तेवढं.

पैशांचं मी पहिल्यापासून स्पष्ट ठेवलं. मास्टरना उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करायला मीच बसवलं. माल बनवणाऱ्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि मुदतीत न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येत नाहीत. निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, बनवणाऱ्याला आहे. हे त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "मतलब बिल में मेरा नाम लिखा होगा?" मी म्हटलं, बिलावर तर असेलच, कुर्त्यावरही हवं का? त्यांनी पुढच्या खेपेला एका चिठ्ठीवर गावाचं नाव लिहून आणलं. स्वतःचं नको म्हणाले, गावाचं घाला. तेव्हापासून आमच्या शिवलेल्या कुर्त्यांत दुकानाच्या नावाखाली ते गाव आणि धारावी अशा दोन ओळी असतात.

गेल्या उन्हाळ्यात कळव्याची एक मुलगी आली. घरातल्या पुढच्या खोलीत कपडे विकायला सुरुवात केली होती, दोन वर्षांचं पोर कडेवर. एक कुर्ता बघितला, गळा उलटा करून वाचला आणि सरळ विचारलं, "ताई, हे मास्टर मला गाठून द्याल?" पोटात गोळा आला, हे खरं. नवरात्राचं काम पुढे होतं, माझ्या कामाला उशीर झाला तर? तिने भाव पाडला तर? मी तिला खुर्ची दिली, पोराला बिस्किट दिलं आणि तिच्यासमोरच मास्टरना फोन लावला. नंबर त्यांचा होता, द्यायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं. ते म्हणाले, "भेज दीजिए भाभीजी. काम तो चाहिए ही. बारिश में दो मशीन खाली बैठती है." इतकी साधी गोष्ट. मी ज्याला माझं गुपित समजत होते, त्या गुपितापायी एका माणसाची दोन मशिनं पावसाळाभर रिकामी बसत होती.

पुढे झालं ते असं की ताक्याची अडचण दोघींचीही सारखीच निघाली. एका रंगाचा पूर्ण ताका तिला एकटीला जड, मला एकटीला जड. तिच्याकडे लहान मापं खपतात, कॉलेजातल्या मुली, माझ्याकडे मोठी. एकाच ताक्यातून एम आणि एल तिचे, डबल-ट्रिपल माझे, असं कापून घेतलं तर कुणाकडेच काही पडून राहत नाही. गुरुवारी दुपारी आम्ही मंगलदासला भेटतो. तिला अजून धागा जाळून बघायची सवय नाही, ती गालावर कापड लावून बघते आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर येतं. ताका टॅक्सीत घालून धारावीला टाकायचा, भाडं निम्मंनिम्मं. यंदा राखाडीचे पैसे तिने भरलेत, मोरपंखीचे मी. कापड आणून टाकलंय. कारागीर गावाहून आले की सोमवारी कटिंग सुरू.